किल्लेदार अडकले

गणपतीच्या रथाच्या दिवशी सकाळी सन्मती मगदूमने आंघोळ केली, कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घातला आणि सदर बंद करत असल्याची सूचना लावून टाकली. चोवीस वर्षं चालवलेली गोष्ट! चार माणसं हळहळतील, एखादा तरी 'असं नका हो करू' म्हणेल, अशी त्याला आशा होती. दुपार झाली तरी सूचनेखाली एकच उत्तर होतं. ते गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीचं होतं.

"बघितलंस?" तो त्रिशलाला, म्हणजे बायकोला, म्हणाला. "तेलवाल्याला तरी काळजी आहे."

"चल रथाला," त्रिशला म्हणाली. "अख्खं तासगाव तिकडं लोटलंय आणि तू इथं तोंड पाडून बसलायस."

आता ही सदर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर सन्मतीचं दुःख कळायचं नाही.

'भुलगड' नावाचा एक ऑनलाइन खेळ होता. होता म्हणजे अजूनही आहे, पण ते पुढे येईल. प्रचंड मोठा, वेडावाकडा किल्ला. पायथ्यापासून शिरायचं आणि बालेकिल्ल्यापर्यंत पोचायचं, एवढंच काम. पण खेळ बनवणारी मंडळी महाखवट. सातव्या दरवाज्याशी तर माणसं महिनामहिना अडकायची. पोरांनी परीक्षा बुडवल्या. मिरजेच्या एका नवरदेवाने म्हणे ऐन साखरपुड्यात अंगठी घालता घालता "अरे, ती साखळी उलटी ओढायची!" म्हणून बोंब ठोकली आणि सासरा घाबरून खुर्चीवरून घसरला.

अशा अडकलेल्यांसाठी सन्मतीने सांगलीला कॉलेजात असताना एक पान उघडलं. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसती अक्षरं. नाव दिलं 'भुलगडाची सदर'. स्वतः झाला किल्लेदार. आणि किल्लेदार म्हटला की नियम आलेच. पहिला नियम: एका माणसाने एकच खूण द्यायची. कोणी अडकलं की पूर्ण उत्तर कोणीही सांगायचं नाही. प्रत्येकाने एक, फक्त एक खूण द्यायची. त्यामुळे दरवाजा उघडायला दहा जणांशी बोलावं लागे, आणि उघडेपर्यंत ते दहा जण दोस्त झालेले असत. हा नियम म्हणजे सोनं होतं. सदर चालली ती त्याच्यावर.

दुसरा नियम: गडाखालचं बोलायचं नाही. सदरेवर जो तो भुलगडकर. त्याचं खरं नाव, गाव, नोकरी, आजारपण, निवडणुका हे सगळं गडाखालचं. ते इथे आणायचं नाही. त्यासाठी सन्मतीने एक छोटा प्रोग्रॅम बसवला होता, त्याचं नाव चोपदार. गडाखालचा शब्द दिसला की चोपदार ती नोंद काढून टाकायचा आणि ताकीद द्यायचा. तिसऱ्या ताकिदीला माणूस दिवसभरासाठी गडाबाहेर. सन्मतीला या चोपदाराचा फार अभिमान. बाकीच्यांना काय वाटायचं, ते त्याने कधी विचारलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी 'मनोवेध' आलं.

माणूस वैतागून एखादी गोष्ट सोडून देतो ना, तो निर्णय त्याच्या डोक्यात येण्याआधी अंगाला कळलेला असतो. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, बोटांना बारीक घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होतात. लाखो खेळाडूंच्या मनगटावरच्या पट्ट्यांमधून संशोधकांनी या खाणाखुणा जुळवल्या आणि कोण केव्हा कंटाळून उठणार, हे मिनिटभर आधी सांगता येतं असं दाखवून दिलं. एवढं कळल्यावर खेळवाले गप्प बसतात होय! मनोवेध तुमची नाडी बघणार आणि तुम्ही वैतागायच्या आत भिंत जराशी पातळ करणार, किल्ली जराशी जवळ आणून ठेवणार. तुम्हाला वाटणार, काय आपलं डोकं चाललंय!

वर आणखी एक गंमत. गड ओळखीचा वाटावा म्हणून मनोवेध तुमच्या फोटोंमधून, तुमच्या रोजच्या जागांमधून सामान उचलायचं. मास्तरणीच्या गडात शाळेची घंटा, डॉक्टरच्या गडात दवाखान्याची खुर्ची. ज्याचा त्याचा गड निराळा आणि ज्याला त्याला हवा तेवढाच अवघड.

लोक खूष झाले. कोणी अडकेना. आणि अडकत नाही तो विचारायला कशाला येईल? नुसतं कौतुक करायचं म्हटलं तरी पंचाईत.

"सातवा दरवाजा पार केला का?" कोणी विचारायचं.

"माझ्या गडाला पाचच आहेत. शेवटचा आमच्या सोसायटीच्या लिफ्टसारखा दिसतो."

"अच्छा."

यापुढे बोलणार काय, कपाळ! हळूहळू 'अच्छा' म्हणायलाही कोणी येईना. एकेकाळी सदरेवर दिवसाला शेकडो नोंदी पडायच्या. आता महिन्यात चार पडल्या तर डोक्यावरून पाणी. सन्मती चिडायचा, मनोवेध बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, रोज सकाळी सदर झाडून ठेवल्यासारखा एक नवा सुविचार लावायचा. तो स्वतः मात्र खेळत नव्हता. मनोवेध आल्यावर त्याने एकदाच पट्टा बांधला, भिंत आपल्यासमोर विरघळताना पाहिली आणि पट्टा काढून कपाटात टाकला. सदरेवर हे त्याने कोणाला सांगितलं नाही. किल्लेदारच गडावर जात नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

तर रथाचा दिवस. सन्मती बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर होता. चप्पल घालता घालता फोनवर स्टोअरची सूचना वाजली: पाचव्या ओळीत खोका पडलाय, माल हलवणारी आपोआप चालणारी गाडी अडून उभी आहे.

"तू हो पुढे," तो त्रिशलाला म्हणाला. "दहा मिनिटांत आलो."

"तुझी दहा मिनिटं मला माहीत आहेत," म्हणून ती शेजारच्या राजमतीवहिनींच्या स्कूटरवर बसून गेली. रथ ओढून झाला की तिथूनच ती जयसिंगपूरला आईकडे जाणार होती, दोन दिवसांसाठी.

स्टोअरवर चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं सुट्टीवर, परवा सकाळी येणार. सन्मती आत शिरला. दार उघडं राहावं म्हणून तो नेहमी उंबऱ्यात एक रिकामा खोका सरकवायचा, पण त्या दिवशी डोक्यात तेलवाला होता. त्याने पडलेला खोका उचलला, गाडी सुरू झाली, आणि मागे दार धप्प करून बंद झालं.

आतून उघडायचा दांडा होता. म्हणजे असायचा. गेल्या आठवड्यात तो तुटला होता, आणि फिटर "साहेब, आत्ता बसवतो, तासाचं काम" म्हणत असताना सन्मतीनेच त्याला "सणानंतर बघू" म्हणून घरी पाठवलं होतं.

चार अंश तापमान. अंगात मलमलीचा झब्बा.

सुरुवातीला त्याला हसूच आलं. मग त्याने दारावर बुक्क्या मारल्या, हाका मारल्या. पत्र्याच्या आत वीतभर फोम भरलेल्या त्या भिंती. आवाज काय बाहेर जातो! फोनला रेंज शून्य. त्रिशलाला काय वाटेल, ते त्याला नेमकं माहीत होतं: बसला असेल सदरेला कवटाळून, येत नाही तर नाही. तिला राग येईल, ती जयसिंगपूरला जाईल आणि परवापर्यंत त्याचं तोंड बघणार नाही. परवा सकाळपर्यंत या थंडीत आपलं काय होईल, हा विचार मनात आला तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मग आठवलं: सेन्सरची लाइन! तापमान मोजणारे सेन्सर एका बारीकशा लाइनवरून ऑफिसला आकडे पाठवायचे आणि त्याचा फोन त्या लाइनला जोडलेला होता. लाइन अगदी मरतुकडी. त्याने निरोपाचं अ‍ॅप उघडलं. पण हल्ली साधा निरोप धाडायचा तरी ते अ‍ॅप आधी आपल्या मदतनिसाला उठवतं, तो मदतनीस तुमचा चेहरा बघतो, तुमचा मूड विचारतो. गोल चाक फिरत राहिलं. दुसरं अ‍ॅप, दुसरं चाक. पोलिसांचं अ‍ॅप, तर त्यात आधी स्वागताचा व्हिडिओ. सन्मतीने तिन्ही चाकांना कचकचून शिवी घातली.

आणि मग त्याने सदर उघडली. नुसती अक्षरं, टपकन उघडली. तेलवाला तिथेच होता.

त्याने लिहिलं: 'मी सन्मती मगदूम, तासगाव. कोल्ड स्टोरेजमध्ये कोंडलो गेलोय. त्रिशलाला फोन करा, नंबर देतो.'

पाठवताक्षणी उत्तर आलं. 'गडाखालचं बोलणं. नोंद काढली आहे. किल्लेदारांना पहिली ताकीद. — चोपदार.'

"अरे गाढवा!" सन्मती मोठ्याने ओरडला. "मी तुला बनवलाय!"

चोपदाराला बंद करता येत होतं. पण त्यासाठी फोनवर ओटीपी येणार, आणि फोनला रेंज नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला, नाव-गाव गाळून, फक्त 'पोलिसांना कळवा' एवढंच. दुसरी ताकीद! पोलीस हा शब्द यादीत त्यानेच घातला होता, एका निवडणुकीच्या वर्षी, मोठ्या कौतुकाने. आता आणखी एक चूक केली की तो स्वतःच्याच गडाबाहेर, आणि मग त्या खोलीत तो आणि बेदाणे.

त्याने हात काखेत घालून ऊब आणली, डोकं शांत केलं आणि भुलगडकरासारखं लिहिलं: 'भुलगडकरांनो, किल्लेदार अडकला आहे. थंडगार तळघर. चहूकडे बेदाण्याचे पेटारे. दार बाहेरून बंद, आतला दांडा मोडलेला. अंगावर पातळ वस्त्र. हे खरं आहे. खुणा द्या.'

चोपदार गप्प राहिला. नोंद टिकली.

पहिलं उत्तर खडूस मावशींचं आलं. या भंडाऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सदरेवर पहिल्या वर्षापासून. 'अहो बाप्पा! किल्लेदार अडकले? चोवीस वर्षांत या माणसानं एक खूण मागितली नाही. माझे तर कान तृप्त झाले!'

खरंच होतं ते. सन्मती कधी अडकलाच नव्हता. अडकला तरी कबूल करणाऱ्यांतला नव्हता. त्यामुळे बातमी फुटली ती सणाच्या दिवशी फराळाचं ताट फिरावं तशी. खडूस मावशींनी डोंगरकिड्याला कळवलं, त्याने आणखी चौघांना. वर्षवर्ष ज्यांचा पत्ता नव्हता अशी माणसं 'कुठे आहे, कुठे आहे, बघू' करत सदरेवर हजर. नावापुढचे हिरवे ठिपके एकामागून एक लागू लागले. सन्मती थंडीने कुडकुडत होता आणि डोळे फाडून बघत होता. सदर भरली होती! दोन वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते आज होत होतं, आणि आनंद करायला अंगात ऊब नव्हती.

'बेदाण्याचे पेटारे!' कोणीतरी लिहिलं. 'किल्लेदार नक्की तिकडचेच. मनोवेध घरचं सामान उचलतं ना.'

'आणि "हे खरं आहे" काय, वा! अभिनय बघा.'

'खरंच अडकलोय,' सन्मतीने लिहिलं. 'थट्टा नाही.'

'असंच म्हणायचं असतं, महाराज,' लिंबूटिंबू म्हणाला. हा दुबईतला दातांचा डॉक्टर. 'मी सातव्या दरवाज्याशी महिनाभर हेच लिहीत होतो. घ्या माझी खूण: भूक लागायच्या आत पेटारा फोडा.'

आता हसावं की रडावं! ज्याचा त्याचा गड निराळा झाल्यावर कोणाच्या गडात काय असेल, हे कोण सांगणार? शाळा, लिफ्ट, दवाखाना, तसं एक कोल्ड स्टोरेज. सदरेवरच्या कोणालाही संशय यायला जागाच नव्हती. आणि मंडळी नियमाला पक्की. त्यानेच तर पक्की केली होती.

पण खुणा वाईट नव्हत्या. लिंबूटिंबूचं ऐकून त्याने खोका फोडला आणि मूठ मूठ बेदाणे तोंडात टाकले. अंगात जरा तरतरी आली. डोंगरकिडा म्हणजे अकोल्याकडचा, डोंगर मोजत फिरणारा सर्व्हेअर. त्याची खूण: 'पेटाऱ्यांची खोली कर. लहान कर. आत बसल्यावर गुडघे हनुवटीला लागले पाहिजेत.' सन्मतीने खोके रचले, पुठ्ठे खाली अंथरले, वरून प्लास्टिकचा कागद ओढला आणि आत शिरून बसला. पंख्यांचा वारा लागेनासा झाला. त्याने मनातल्या मनात डोंगरकिड्याला नमस्कार केला.

मग कोणीतरी म्हणालं, 'पहारेकऱ्याला चिडव.' ही खूण त्याला फार पसंत पडली. पहारेकरी म्हणजे कोण? सेन्सर! सेन्सरला गरम केलं की धोक्याची सूचना जाणार. खोक्यांवर चढून त्याने भिंतीवरचा सेन्सर दोन्ही हातांत धरला, त्याच्यावर फुंकरी घातल्या, गालाशी धरला. अखेर सूचना गेली. त्याच्याच फोनवर आली. 'तापमान वाढले आहे. व्यवस्थापकांनी तातडीने लक्ष द्यावे.'

"व्यवस्थापक लक्ष देतायत," सन्मती सेन्सरला म्हणाला आणि खाली उतरून आपल्या पेटाऱ्यात जाऊन बसला.

'माझी खूण मी राखून ठेवते,' खडूस मावशींनी लिहिलं. 'आधी एकीला ही मजा दाखवायला बोलावते. फोडणीला.'

फोडणी! सन्मतीने फोन डोळ्यांजवळ आणला.

फोडणी म्हणजे त्रिशला. दोघांची ओळख सदरेवरचीच. त्याच्या प्रत्येक नियमावर चटका बसेल असं काहीतरी लिहिणारी ही कोण, हे बघायला तो एकदा जयसिंगपूरला गेला आणि तिच्या आईच्या हातचा चहा पिऊन, लग्न ठरवूनच आला. पुढे कितीतरी वर्षं ती सदरेची जान होती. मग तिच्या आईला अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा. त्रिशला आईजवळ बसून तिच्या हाताखाली खेळ धरायची, बाई, हे बटण दाब, दार उघडेल. महिने गेले. एके दिवशी आईचा अंगठा हलला. दार उघडलं. त्रिशला रडत-हसत सदरेवर आली आणि सगळ्यांना सांगितलं: आईचा अंगठा हलला, भुलगडाच्या दुसऱ्या दरवाज्यापाशी!

चोपदाराने ती नोंद काढून टाकली. आई, अर्धांगवायू, दवाखाना, सगळं गडाखालचं. कोणी वाचायच्या आत गेली. तिने सन्मतीला सांगितलं, ती परत लाव. सन्मती तेव्हा काय म्हणाला? "नियम म्हणजे नियम, तुला एकटीला कशी सूट देऊ?" त्या दिवसापासून चार वर्षं त्रिशला सदरेवर फिरकली नव्हती, फक्त खडूस मावशींशी तेवढी अधूनमधून फोनवर बोलायची. भांडलीसुद्धा नाही. बाकी संसार छान चालला होता. फक्त तो सदरेचं काही बोलू लागला की ती उठून कुकर लावायची.

खोक्यांच्या त्या खुराड्यात गुडघे हनुवटीला लावून बसल्यावर सन्मतीला पहिल्यांदा नीट कळलं, की तिला तेव्हा कसं वाटलं असेल. इतकं मोठं काहीतरी सांगायचंय, समोर सगळी माणसं बसलीयत, आणि एक मठ्ठ चोपदार ते शब्द गिळून टाकतोय. त्याला स्वतःची लाज वाटली. थंडीपेक्षा ती जास्त बोचली.

ती कशाला येईल, त्याला वाटलं. रथ चाललाय, ढोल चाललेत, फोन तरी ऐकू येईल का तिला?

वेळ गेला. बोटं लाकडासारखी झाली. सदरेवर लोक जुन्या आठवणी काढून खिदळत होते. 'किल्लेदार गप्प का?' कोणीतरी विचारलं. 'गोठले वाटतं!' दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि खाली हसरे चेहरे पडले.

आणि मग एक हिरवा ठिपका लागला. 'फोडणी सदरेवर आल्या आहेत.'

'आली, आली!' अख्खी सदर ओरडली.

 तिची नोंद आली नाही. तिच्या जागी चोपदार आला. 'गडाखालचं बोलणं. फोडणी यांची नोंद काढली आहे. पहिली ताकीद.'

सन्मतीने किंकाळी मारली, आनंदाची. डोकं वरच्या खोक्यावर आपटलं. ती गडाखालचं बोलली! म्हणजे तिला कळलं! खेळातली खूण द्यायची असती तर चोपदार बोललाच नसता. तेवढ्यात दुसरी ताकीद. मग तिसरी. 'फोडणी यांना गडाबाहेर करण्यात आले आहे.'

सदरेवर हलकल्लोळ झाला. 'अरे, चार वर्षांनी आली आणि हाकललीस?' 'किल्लेदार, आवरा त्या मेल्याला!' 'मावशी, आपण सगळेच जाऊ या सोडून!' खडूस मावशींनी तर चोपदाराला ठेवणीतल्या शिव्या दिल्या, आणि दुसरी ताकीद मिळेपर्यंत देत राहिल्या. एकटा सन्मती बेदाण्यांच्या मधोमध बसून हसत होता, दात वाजत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दार उघडलं तेव्हा उजेडात त्रिशला उभी होती, केसांपासून पायांपर्यंत गुलालाने माखलेली. मागे राजमतीवहिनी, हेल्मेट घातलेल्याच.

"सन्मती!" तिने हाक मारली, आणि खोक्यांच्या ढिगातून त्याचं डोकं वर येताना पाहून ती खोके बाजूला सारत पुढे धावली. "अरे, दहा मिनिटांत येतो म्हणालास ना तू!"

तिने ओढणी त्याच्या अंगाभोवती गुंडाळली, त्याचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले. झब्बा पार गुलाबी झाला.

"तुला कळलं कसं?" त्याने विचारलं. जबडा धड चालत नव्हता.

"मावशींचा फोन. 'तुझा नवरा गडावर अडकलाय, ये बघायला' म्हणून हसत होत्या." ती त्याची बोटं चोळत राहिली. "मी म्हटलं, हा तर दोन वर्षं खेळलेलाच नाही. पट्टा कपाटात पडलाय, मी रोज झटकते. मग हा अडकला कुठं? सदर उघडली. बेदाणे वाचलं आणि वहिनींना म्हटलं, काढा स्कूटर."

"काय लिहिलंस? मला दिसलं नाही."

"'आले' लिहिलं. 'स्टोअरमध्येच थांब, आले.' तीनदा लिहिलं." ती एकदम हसली. "थांब म्हणे! तू जाणार होतास कुठं?"

राजमतीवहिनी म्हणाल्या, "अहो, ते नंतर बोला, आधी बाहेर तरी या. दार परत बंद झालं तर तिघं बसू बेदाणे खात."

घरी आल्यावर त्रिशलाने त्याला दोन रजया, गरम पाण्याची पिशवी आणि आल्याचा काढा अशा बंदोबस्तात बसवलं. जयसिंगपूरला फोन करून आईला उद्या येते म्हणून सांगितलं. सन्मतीच्या फोनला रेंज आली होती. त्याने पहिलं काम काय केलं असेल? ओटीपी मागवला आणि चोपदाराला घरी बसवलं. मग सगळं लिहून काढलं, नाव, गाव, दांडा, फिटर, सगळं.



'म्हणजे आम्ही हसत होतो तेव्हा तुम्ही खरंच...' डोंगरकिड्याने लिहिलं आणि वाक्य तसंच सोडलं.

'तुझ्या पेटाऱ्यांच्या खोलीनं वाचलो, बाबा,' सन्मतीने लिहिलं.

'मी जाऊन देवापाशी दिवा लावला,' खडूस मावशी म्हणाल्या. 'आता तुमचं काय करू ते सांगा. भेटा एकदा, कान उपटते.'

मग बांध फुटल्यासारखे सगळे बोलू लागले. कोण कुठला, काय करतो, पोरं किती, केस किती उरले. चोवीस वर्षांची माणसं पहिल्यांदा एकमेकांना आपली खरी नावं सांगत होती. लिंबूटिंबूचं नाव हेमंत निघालं आणि त्याची सगळ्यांनी यथेच्छ टर उडवली. सन्मती रजईत बसून वाचत होता, त्याला ऊब येत होती.

तेवढ्यात फोडणीची नोंद आली. त्रिशला स्वयंपाकघरातच होती. फोडणीचा वासही येत होता.

'भुलगडकरांनो, मी अडकलेय. चार वर्षं झाली. नवरा चुकला हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, पण तो तोंडाने म्हणत नाही. खुणा द्या. एकाने एकच.'

खुणांचा पाऊस पडला. 'जेवायला वाढू नका.' 'त्याच्या आईला फितवा.' 'परत कोंडा!' ही शेवटची खडूस मावशींची, राखून ठेवलेली.

सन्मती रजया फेकून उठला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"त्रिशला, चुकलो मी," तो म्हणाला. "आईंचा अंगठा हलला त्या दिवशी मी नाचायला पाहिजे होतं. मी नियम सांगत बसलो."

तिने मागे वळून पाहिलं नाही. कढईत पळी फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? गिळलंस तिथं. तिथं लिही."

तो तिथेच, ओट्याला टेकून, लिहायला लागला. त्या दिवशी काय झालं होतं, तिने काय लिहिलं होतं, आपण काय म्हणालो, सगळं. आईंचा उजवा हात आता पोळ्या लाटतो, हेही लिहिलं. खाली पहिलं उत्तर यायला वेळ लागला नाही, आणि मग इतकी आली की फोन गरम झाला. चार वर्षं उशिरा, भंडाऱ्यापासून दुबईपर्यंत माणसं एका अंगठ्यासाठी टाळ्या वाजवत होती. त्रिशलाने गॅस बारीक केला, त्याच्या हातातला फोन ओढून घेतला आणि वाचत वाचत ओट्यापाशीच खाली बसली. ओढणीने डोळे पुसले तर गुलाल डोळ्यांत गेला आणि ती आणखीच रडली, आणि मग दोघं हसत सुटले.

सदरेवर टाळ्या ओसरल्या. खडूस मावशींनी शाळेतल्या आवाजात विचारलं, 'झालं यांचं. आणखी कोण अडकलंय?'

 मग लिंबूटिंबूने लिहिलं, अगदी हळू, एकेक शब्द जुळवत.

'मी. मुलगा सतरा वर्षांचा आहे. सहा महिने झाले, माझ्याशी बोलत नाही. एकाच घरात राहतो आम्ही. दार उघडत नाही.'

सन्मतीने फोनसाठी हात पुढे केला.

"थांब," त्रिशला म्हणाली. ती आधीच लिहायला लागली होती.